सोमवारचं गिऱ्हाईक

"व्यापार ही साधना आहे," असं आमचे शेठ म्हणत. म्हणताना उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर ठेवत आणि डोळे अर्धवट मिटत. समोरच्याला वाटे, काय ही तल्लीनता! प्रत्यक्षात ते स्वतःची नाडी मोजत असत. साधनेचा वेग शंभरच्या पुढे गेला की गादीवरून उठून माझ्या दुकानात येत, स्टुलावर बसत आणि म्हणत, "राव, दोन मिनिटं मला कुणी भाऊ म्हणू नका."

मी त्यांचा शेजारी. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान म्हणजे नाशकात मेनरोडच्या मागच्या गल्लीतली साडेतीन फुटांची फट. हल्ली घड्याळ कुणी दुरुस्त करत नाही, फार तर सेल बदलून घेतात. त्यामुळे पुस्तकं वाचायला आणि शेजारी बघायला मला भरपूर वेळ मिळे. दोन्हींत शेजार जास्त रंगतदार होता, हे पुस्तकांची माफी मागून सांगतो.

शेठचं मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर. जमिनीपासून छतापर्यंत रंगांचे गठ्ठे. तुम्हाला-मला जो एक हिरवा दिसतो, त्याचे त्यांच्याकडे अठ्ठावीस होते आणि प्रत्येकाला नाव होतं. बाईनं पिशवीतून साडी काढली की शेठ तिच्याकडे एकदाच बघत आणि मागे न वळता हात वर करून नेमका गठ्ठा ओढत.

"आमसुली."

"नाही हो भाऊ, ही डाळिंबी आहे."

"उजेडात बघा, ताई."

मग सगळी मिरवणूक रस्त्यावर येई. पुढे शेठ, मागे साडी, साडीच्या मागे बाई आणि बाईच्या मागे तिची जाऊ. आमच्या गल्लीत ऊन अकरा ते दीड असं नोकरीला आल्यासारखं येतं. दोन स्कूटरांच्या मध्ये त्याचा जो तुकडा पडे, त्यात कापड धरलं जाई. उजेडात रंग आमसुलीच निघे. बाई मान्य करत. जाऊही मान्य करे. मग बाई म्हणत, "पण तुम्ही डाळिंबीच दाखवा."

"काही हरकत नाही, ताई," असं शेठ म्हणत. हे वाक्य ते दिवसातून साठ-सत्तर वेळा म्हणत आणि प्रत्येक वेळी त्यांच्या कानशिलाजवळची एक शीर आपली हरकत नोंदवून जाई.

शेठ मूळचे घोटीचे. भाऊ तिकडे भाताच्या व्यापारात. बोलणं एरवी स्वच्छ, शहरी. पण ठोके वाढले की 'आहे'चं 'हाय' होई आणि 'खूप'चं 'लय'. "राव, लय झालं आता," असं ऐकू आलं की मी स्टूल पुसून ठेवी.

एका श्रावणात त्यांनी एका बाईंना मीटरभर रेशमी खण कापून दिला. बाई म्हणाल्या, "अय्या, मीटर कशाला? मला ऐंशी सेंटीमीटरच हवा होता."

"तुम्ही मीटर म्हणालात, ताई."

"ते अंदाजे. आता वरचा तुकडा परत जोडून नाही का ठेवता येणार?"

शेठ हसायला लागले. बाईही हसल्या, मीही हसलो. बऱ्याच वेळानं आमच्या लक्षात आलं की शेठ खाली बसलेत आणि त्यांना उठता येत नाहीये. रिक्षानं दवाखान्यात नेलं. रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे शहात्तर.

"ताण घेऊ नका," डॉक्टर म्हणाले.

"मी घेत नाही, डॉक्टर," शेठ म्हणाले. "लोक आणून देतात."

गोळ्या सुरू झाल्या. पण गोळ्यांपेक्षा कडू गोष्ट घरी ठरली. वहिनींनी, म्हणजे शेठच्या पत्नीनं, निकाल दिला: दिवाळीच्या आत वरचा आकडा एकशे चाळीसच्या खाली आला तर ठीक, नाहीतर दुकान भाड्यानं द्यायचं आणि शेठनी घरी बसायचं. वहिनी शिक्षिका होत्या. पुनर्परीक्षा घेण्याची त्यांची पद्धत नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात मोबाइलची कव्हरं विकणारा एक तरुण टेप घेऊन आला आणि शेठसमोरच त्यांचं दुकान मोजायला लागला. मोजताना तो मला म्हणाला, "काका, जरा ते टोक धरता का?" मी धरलं. नाही कसं म्हणणार?

तो गेल्यावर शेठ स्टुलावर येऊन बसले. नाडीला हात लावला नाही. म्हणाले, "घरी चार भिंती आहेत राव. चारींचा रंग एकच."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस गिऱ्हाइकांना कंटाळलाय, धंद्याला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या कशा, एवढाच प्रश्न होता. दिवाळीला अडीच महिने होते.

शेठच्या मुलीनं पुण्याहून मनगटी घड्याळ पाठवलं, ठोके मोजणारं. माझ्या धंद्यावर तो सरळ वार होता, पण मी मन मोठं करून ते त्यांना लावायला शिकवलं. ते घड्याळ फार कनवाळू होतं. ठोके वाढले की थरथरे आणि 'श्वास घ्या' अशी सूचना देई. भर गर्दीत, हातात सात ब्लाउजपीस असताना ते थरथरलं.

"काय म्हणतंय हो भाऊ तुमचं घड्याळ?"

"श्वास घ्या म्हणतंय."

"मग घ्या की. घेता घेता तो वरचा मोतिया काढा."

मग त्र्यंबक रस्त्याकडच्या एका मौन शिबिराचं ठरलं. पाच दिवस बोलायचं नाही, मनात विचार आला की त्याच्याकडे नुसतं बघायचं आणि जाऊ द्यायचं. शेठ दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले.

"सगळ्यांना पांढरी शाल आणायला सांगितली होती," ते हताशपणे म्हणाले. "माझ्यापुढे चाळीस माणसं. चाळीस पांढरे, राव! एक दुधी, एक मोतिया, एक चुन्याचा, एक निळीत जास्त बुडालेला. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. डोळे मिटले तर जास्तच दिसायला लागले."

"मग जाऊ द्यायचे."

"गेले. पण मॅचिंगशिवाय गेले."

त्यांना परत पाठवलं की ते स्वतःहून निघाले, यावर शिबिरानं मौन पाळलं.

यानंतर आमच्या व्यापारी मंडळानं एक व्याख्यान ठेवलं. विषय ताणमुक्त व्यापार. वक्ते सुटाबुटात होते आणि आयुष्यात त्यांनी स्वतःचं व्याख्यान सोडून काही विकलेलं नसावं. त्यांनी फळ्यावर एक त्रिकोण काढला. त्याच्या तीन कोपऱ्यांत मी, तू आणि विश्व होतं. सगळ्या दुकानदारांनी त्रिकोणाचे फोटो काढले. शेठनी हात वर केला.

"कापड कापल्यावर गिऱ्हाईक नको म्हणालं, तर ते ह्यात कुठे बसवायचं?"

वक्ते समजूतदारपणे हसले. "अशा वेळी स्वतःला गिऱ्हाइकाच्या जागी ठेवून बघा, सर. ताण नाहीसा होईल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्याख्यानांत असली वाक्यं टाळ्यांसाठीच असतात, कुणी ती अमलात आणत नाही. शेठनी आणलं, आणि तेही शब्दशः.

पुढच्या सोमवारी आमच्या गल्लीची साप्ताहिक सुट्टी होती. शेठ सकाळी दहाला माझ्या घरी हजर. इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांत चमक. "चला. गिऱ्हाईक व्हायला जाऊ."

कॉलेज रोडला चपला-बुटांचं एक मोठं दुकान होतं. आत गारवा, सहा नोकर. शेठ गादीच्या बाकावर बसले, पाय पुढे केला आणि म्हणाले, "दाखवा."

"कोणत्या प्रकारात, सर?"

"ते बघितल्यावर कळेल."

तुम्ही ह्या वाक्याचा आनंद कधी घेतला आहे का? शेठनी ते पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. चौदा जोड उघडले गेले. "अंगठा जरा दाबतोय." "टाच जरा सैल." "हाच, पण जरा गव्हाळ रंगात?" गव्हाळ आला. "उजेडात बघू." नोकर एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात दार धरून फुटपाथवर उभा राहिला. शेठनी बूट उन्हात फिरवला, मान तिरकी केली, सुस्कारा टाकला आणि ते पवित्र वाक्य उच्चारलं: "जरा फिरून येतो."

कोपऱ्यावर वळल्यावर त्यांनी मनगट माझ्यापुढे धरलं. ठोके होते चौऱ्याहत्तर.

"बंद पडलंय का बघा हो."

घड्याळ उत्तम चालू होतं. बंद पडण्यापासून वाचला होता तो मालक.

मी म्हणालो, "शेठ, हे काही बरं नाही. त्या बिचाऱ्यांचा काय दोष?"

"दोष कुणाचाच नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "त्रास हा फिरता असतो, राव. बायका मला देतात, मी बूटवाल्याला देतो. बूटवाला त्याच्या सुट्टीत पडदेवाल्याकडे जाऊन बसेल. एकाच जागी साचला की दाब वाढतो. डॉक्टर दुसरं काय सांगतात?"

यात तर्काची चूक कुठे आहे ती मी अजून शोधतो आहे.

तरी त्यांचे नियम कडक होते. दुकान मोठं हवं. नोकर चारांहून जास्त हवेत. गर्दीच्या वेळी जायचं नाही. आणि एकटा माणूस बसलेल्या दुकानात तर पाऊलही टाकायचं नाही. "तो रात्री घड्या घालत बसतो," एवढंच कारण त्यांनी दिलं.

पुढच्या महिन्याभरात आम्ही पडदे पाहिले, गाद्या पाहिल्या. एका गादीवर शेठ दहा मिनिटं डावीकडून आणि दहा मिनिटं उजवीकडून झोपून पाहत होते. उजवीकडून खरंच झोप लागली. नोकरानं त्यांच्या अंगावर एक चादर घातली, तीही विकाऊ होती. झुंबरांच्या दुकानात त्यांनी एकेक झुंबर लावायला सांगितलं आणि सगळी लागल्यावर विचारलं, "आता सगळी बंद केली तर कसं दिसेल?" रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे साठवर आला, मग एकशे बावन्न. वहिनींना वाटे आम्ही सोमवारी सोमेश्वरला जातो. मी खोटं बोललो नाही, फक्त त्यांना कधी तसं विचारू दिलं नाही.

दिवाळीला तीन आठवडे राहिले आणि आकडा एकशे अठ्ठेचाळीसवर अडून बसला. टेपवाला तरुण पुन्हा येऊन उंची मोजून गेला. शेठ अस्वस्थ झाले. म्हणाले, "नाशिक संपलं. देवळाली कॅम्पला जाऊ."

कॅम्पच्या बाजारात लोकरीच्या कपड्यांचं एक दुकान दिसलं. दर्शनी भाग मोठा, आत माल खचाखच. आम्ही शिरलो तेव्हा आत एकच म्हातारे गृहस्थ होते, सत्तरीचे, डोक्याला विणलेली टोपी. नियमाप्रमाणे परत फिरायला हवं होतं. पण त्यांनी "या, बसा" म्हणून स्टूल पुढे केलं, आणि शेठना आकडा आठवला असावा. ते बसले.

"स्वेटर दाखवा."

"कोणत्या रंगात?"

"ते बघितल्यावर कळेल."

म्हातारबांनी काढायला सुरुवात केली. मी असा विक्रेता पाहिला नाही. ना घाई, ना कंटाळा. बिनबाह्यांचे, बाह्यांचे, बटणांचे, गळाबंद. "हा सीमेवरच्या थंडीला चालतो, साहेब. नाशिकला फक्त दिसायला." शेठ उलटसुलट करून पाहत होते, उजेडात नेत होते, गळा सैल काढत होते. काउंटरवर चाळीसेक स्वेटरांचा ढीग झाला. शेवटी शेठ उठले.

"जरा फिरून येतो."

"या, या," म्हातारबा म्हणाले. "तुमचं कशाचं दुकान आहे, शेठ?"

शेठ दारातच थांबले. "माझं? नाही... मी आपला..."

म्हातारबांनी नुसतं काउंटरकडे बोट केलं. चाळीसच्या चाळीस स्वेटर घडी घातलेले होते. बाह्या मागे, कडेला कड, रंगानुसार फिक्यापासून गडदपर्यंत रचलेले. बोलता बोलता शेठ एकेक स्वेटर हनुवटीखाली धरून दुमडत गेले होते आणि ते त्यांना कळलंही नव्हतं. मलाही नाही. मी त्यांना रोज तसंच बघत आलो होतो.

"गिऱ्हाईक घडी मोडतं, साहेब," म्हातारबा म्हणाले. "घडी घालणारा आपल्यातला असतो."

शेठ लाल झाले. त्या लालचं नाव त्यांनी स्वतःच मागाहून सांगितलं, विटकरी. हात जोडून ते म्हणाले, "चुकलं हो. तुम्ही एकटे होता, मी यायलाच नको होतं. मॅचिंग सेंटर हाय माझं. दाब लय वाढलाय, म्हणून..." आणि सगळं सांगून टाकलं. आकडा, वहिनी, टेप, बूट, झुंबर.

म्हातारबा ऐकत होते. मग खांदे हलायला लागले. मग टोपी काढून त्यांनी तोंडावर धरली.

"माझी सुट्टी गुरुवारी," डोळे पुसत ते म्हणाले. "मी नाशकात येतो. भांड्यांच्या दुकानात जातो. गेल्या आठवड्यात सतरा कुकर उघडून बघितले. अरे, फौजी माणूस पाच मिनिटांत स्वेटर घेतो आणि सलाम करून जातो. पण त्याची बायको येते ना, तेव्हा मी आधी चहा मागवतो आणि मग गोळी घेतो!"

तिघांनी चहा घेतला. आकडा नंतर पाहायचा राहूनच गेला. निघताना करार झाला: उगाच परक्यांना छळायचं नाही. सोमवारी शेठनी कॅम्पला जायचं, गुरुवारी म्हातारबांनी आमच्या गल्लीत यायचं. एकमेकांचं गिऱ्हाईक व्हायचं, आणि दयामाया दाखवायची नाही.

दिवाळीआधीचा गुरुवार मला अजून दिसतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायचं होतं, तीच शेवटची तपासणी. आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. अस्तर, फॉल, "भाऊ, आधी माझं", "भाऊ, सकाळचं परत घ्या". घड्याळ थरथरून थरथरून दमलं होतं. एकशे अठरा. मला पलीकडून ऐकू आलं, "ताई, तो रंग संपलेला हाय." मी स्टूल पुसलं.

तेवढ्यात गर्दीतून विणलेली टोपी पुढे आली. म्हातारबांनी पिशवीत हात घातला आणि काउंटरवर एक वांगं ठेवलं.

"घरून सांगितलंय, साडी ह्या रंगाची आहे. मॅचिंग द्या."

मला वाटलं, संपलं. आता शेठ फुटणार. शेठनी वांगं उचललं, वळवून पाहिलं आणि अत्यंत शांतपणे विचारलं, "पोटाचा रंग हवा, की देठाजवळचा?"

"दोन्ही दाखवा."

"उजेडात बघावं लागेल."

मिरवणूक निघाली. पुढे शेठ, त्यांच्या तळहातावर वांगं, मागे म्हातारबा आणि त्यांच्यामागे हातातली साडी विसरलेल्या पाच-सहा बाया. उन्हाच्या तुकड्यात वांगं धरलं गेलं. त्याला नऊ कापडं लावून झाली. म्हातारबा प्रत्येक कापडाला मान हलवत. "जरा जास्त पिकल्यासारखा वाटतो." "हा भरताचा." मागून एक ठसकेबाज बाई ओरडल्या, "अहो भाऊ, आधी माझा नंबर आहे. त्यांचं वांगं थांबेल!" दहाव्या कापडाला वांगं त्यात दिसेनासं झालं, इतका रंग जुळला. बायांनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. म्हातारबांनी वांगं पिशवीत टाकलं आणि म्हणाले, "घरी विचारून सांगतो."

शेठ हसायला लागले. मी घाबरून धावलो, मागचं हसणं माझ्या लक्षात होतं. पण ह्या वेळी ते पायांवर उभे होते. सगळी गल्ली हसत होती. तीच ठसकेबाज बाई म्हणाल्या, "त्यांना नको ना? मग तो वांगी मला द्या. दीड मीटर."

दुसऱ्या दिवशी आकडा आला एकशे चौतीस. डॉक्टरांनी तीनदा पाहिला.

"काय पथ्य केलंत?"

"वांगं," शेठ म्हणाले.

डॉक्टरांनी वांगं वातूळ असतं, जपून खा, असं सांगितलं. वहिनींनी कागद स्वतः वाचला, तारीख तपासली आणि मग पास केलं. टेपवाला तरुण पुढच्या गल्लीत मोजायला गेला.

त्यानंतर तीन वर्षं दुकान चाललं. सोमवारी कॅम्प, गुरुवारी गल्ली, एकही वार चुकला नाही. म्हातारबा कधी विटेचा तुकडा आणत, कधी हिंगाची डबी. एकदा स्वतःच्या नातीला घेऊन आले आणि तिच्या शेंबडाळ रुमालाला मॅचिंग मागितलं. शेठ कॅम्पला जाऊन उन्हाळ्यात गळाबंद स्वेटर घालून बघत आणि "उबदार वाटत नाही" म्हणत. मी दोन्हीकडे प्रेक्षक. ह्या दोन माणसांनी एकमेकांना कधी तब्येत विचारलेली मी ऐकली नाही. रंग विचारत, मापं विचारत.

गेल्या माघात शेठ झोपेतच गेले. रक्तदाबाचा यात काही हात नव्हता, असं डॉक्टरांनी आवर्जून सांगितलं.

व्यापारी मंडळानं शोकसभा ठेवली. हार घातलेला फोटो, त्यातला शर्ट फिका पिस्ता. फोटोवाल्यानं तो निळा छापला होता आणि हे कळणारा एकच माणूस फोटोत होता. सुटाबुटातले ते वक्तेही आले होते. ते बोलले. अध्यक्ष बोलले, उपाध्यक्ष बोलले. व्यापारातला ऋषी, बाजाराचा दीपस्तंभ, एक पर्व संपलं. वहिनी पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. इतका वेळ त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. दीपस्तंभाशी त्यांची ओळख नसावी.

मग अध्यक्ष म्हणाले, "शेठचे एक व्यापारी स्नेही खास देवळाली कॅम्पहून आले आहेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत."

म्हातारबा मागच्या रांगेतून उठले. पुढे यायला त्यांना वेळ लागला. माइकपुढे उभं राहून त्यांनी टोपी काढली आणि बराच वेळ हातात फिरवली. वहिनींनी पहिल्यांदा पदर डोळ्यांना लावला.

"तीन वर्षं," म्हातारबा म्हणाले. आवाज फाटला, म्हणून थांबले. "तीन वर्षं, दर सोमवारी, शेठ माझ्या दुकानात आले."

कुणी खोकलंसुद्धा नाही.

"एकही स्वेटर नेला नाही," असं म्हणून ते खाली बसले.